दोन सुतांचा तंटा

गोव्यात जमीन चौरस मीटरात विकतात, आणि बोलताना त्यातला ‘चौरस’ हा शब्द कुणी खर्च करत नाही. पेडण्यात कुणी “पाचशे मीटर आसा” म्हटलं, की मुंबईहून जागा बघायला आलेल्या पाहुण्याच्या डोळ्यांसमोर अर्धा किलोमीटर लांबीचा पट्टा उभा राहतो आणि तो थेट हरमलच्या समुद्राला टेकतो का, अशी चौकशी तो करू लागतो. त्या मीटरांवर यथावकाश घर उभं राहतं. मग स्वयंपाकघराचं काम निघतं आणि मापं बदलतात. ओट्याखालची कपाटं रनिंग फुटावर, भिंतीवरची चौरस फुटावर, प्लायवूडची जाडी मिलिमीटरमध्ये. आणि हे सगळं ज्याच्या हातून व्हायचं, तो मेस्त, म्हणजे सुतार, बोलतो सुतात. इंचाचे आठ सूत, एवढंच त्याचं कोष्टक.

एका घरात चार मापं नांदतात आणि चौघं एकमेकांशी बोलत नाहीत. तंटा सुरू होतो तो याच अबोल्यातून.

उदाहरणार्थ, ड्रॉवर. हल्लीच्या टेलिस्कोपिक चॅनेलला ड्रॉवरच्या दोन्ही अंगांना सुमारे अर्धा-अर्धा इंच मोकळी जागा लागते. म्हणजे चार-चार सूत. त्यात दोन सूत कमी पडले तर ड्रॉवर आत जात नाही, आणि दोन सूत जास्त झाले तर गेलेला ड्रॉवर डोलत बाहेर येतो. मेस्ताच्या लेखी दोन सूत म्हणजे हाताचा पंजा किंचित हलवून दाखवायची गोष्ट. पण घरमालक निवृत्त इंजिनियर असला, तर तो व्हर्नियर कॅलिपर काढतो आणि जाहीर करतो, “६.३५ मिलिमीटर!” चूक तीच, तेवढीच. मात्र दशांश चिन्हाच्या पुढे दोन आकडे लागल्यावर तिला फौजदारी गुन्ह्याचं वजन येतं.

“मेस्त, हे दार लागत नाही,” वहिनी म्हणतात.

“लागता वयनी. मातशें उखलून धांपात.”

किंचित उचलून बंद करा, हा सल्ला पेडण्यापासून डिचोलीपर्यंत प्रत्येक नव्या कपाटाबरोबर मोफत मिळतो. कुठल्याही स्पेसिफिकेशनच्या कागदावर तो लिहिलेला नसतो. महिन्याभरात घरातल्या सगळ्यांना दार उचलून लावायची सवय होते, आणि मग पाहुणे आले की त्यांना कपाट कसं उघडायचं ते समजावून सांगावं लागतं.

पूर्वी या भागात कपाट करायला वाड्यावरचा मेस्त यायचा, किंवा पत्रादेवीची हद्द ओलांडून सावंतवाडीकडचा. लाकूड फणसाचं किंवा सागवानाचं, बहुधा मालकाच्याच बागेतलं, आणि स्पेसिफिकेशन म्हणजे “काकाच्या घरात आहे तसं”. या वाक्यात लांबी, रुंदी, खोली, कडी-कोयंडा आणि किंमत असं सगळं येत असे. वाद झालाच तर काकाच्या घरी जाऊन बघायची सोय होती. आता त्या जागी तीन पानांचं कोटेशन आलं, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर आले, म्हापसा-पणजीची मॉड्युलर किचनची शोरूम आली. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली, आणि पेडण्यातल्या काजूच्या टेकड्यांवर व्हिला नावाचं पीक जोरात आलं. या व्हिलाचा मालक गुरुग्राम किंवा अंधेरीत असतो. त्याचं स्वयंपाकघर त्याला व्हॉट्सॲपवर दिसतं. फोटोत लॅमिनेट चकाकतं, मूठ चकाकते, दाराआडून डोकावणारा कारागीरही हसत असतो. दोन सूत फोटोत दिसत नाहीत.

त्या तीन पानांच्या कोटेशनमधली सगळ्यात गूढ ओळ असते ‘१८ एमएम प्लाय’. मालक काम बघायला येतो, दाराची कड मोजतो, बरोबर १८ भरते, तो खूश. मग घरात एक साडू येतात. ते बँकेतून निवृत्त झालेले असतात आणि त्यांनी स्वतःच्या फ्लॅटचं फर्निचर उभं राहून करून घेतलेलं असतं. ते विचारतात, “प्लाय १८ की दार १८?” घरात शांतता पसरते. प्लाय १८ मिलिमीटरचा असेल, त्याला बाहेरून १ मिलिमीटरचं लॅमिनेट आणि आतून त्याहून थोडं पातळ लायनर चिकटलं असेल, तर दार वीसच्या जवळपास भरायला हवं. दार बरोबर १८ भरतंय, याचा अर्थ आतला प्लाय १६ चा. मोजून घेतलेला मालक फसला आणि न मोजता बोलणारे साडू जिंकले. कंत्राटदाराचं म्हणणं असं, की कागदावर ‘१८ एमएम’ लिहिलंय आणि दार १८ एमएम आहे, मग कटकट कसली? भाषेच्या दृष्टीने त्याचं अगदीच चुकतं असं नाही.

पुढची ओळ असते ‘वॉटरप्रूफ’. बाजारात नेहमी भेटणाऱ्या प्लायवूडची भारतीय मानकं दोन. आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायवूडचं, आणि आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचं. आयएस ३०३ मधल्या एमआर जातीच्या प्लायने दमट हवेला तोंड द्यावं अशी अपेक्षा असते, पाण्याला नव्हे. मरीन प्लायचा सांधा मात्र ७२ तास पाण्यात उकळला तरी सुटता कामा नये, असा दंडक आहे. तीन दिवस आणि तीन रात्री कपाट उकळायची वेळ कुणावर येत नाही हे खरं, आणि गोव्याचा पाऊसही उकळता नसतो, एवढी सवलत प्लायवूडला मिळते. पण हा पाऊस ७२ तासांत थांबतही नाही. वर्षाला तीन मीटरच्या आसपास पडतो. हे मीटर चौरस नाहीत, उभेच आहेत. मे महिन्यात ताठ उभं राहिलेलं एमआर प्लायचं दार जुलैमध्ये पिळतं, सिंकखालच्या एमडीएफची कड फुगते, लॅमिनेटचा कोपरा हळूच वर येऊन आत काय चाललंय ते बघू लागतो. सरकारी प्रयोगशाळेच्या अहवालाला वेळ लागतो. आषाढाचा अहवाल न मागता, भल्या पहाटे, दारातच मिळतो.

यातली खरी गंमत पुढे आहे. प्लायच्या प्रत्येक फळीवर तिची जात, जाडी आणि आयएसआयचा शिक्का छापलेला असतो. आणि मेस्त पहिलं काम काय करतो, तर त्या शिक्क्यावर फेविकॉल लावून लॅमिनेट चिकटवतो. पुरावा वस्तूच्या आतच कायमचा गाडला जातो. कपाट खरं आहे की खोटं हे ठरवायचं तर ते फोडावं लागतं, आणि फोडल्यावर ते खरं निघालं तर? ही भीती इतकी प्रभावी आहे की अनेक भांडणं तिथेच मिटतात. शहाणी माणसं लॅमिनेट लागण्यापूर्वी शिक्क्यांचे फोटो काढून ठेवतात. अशी माणसं पेडणे तालुक्यात आहेत. पण त्यांच्याकडे काम घ्यायला मेस्त नाखूश असतात.

ग्राहकाला ठकवणाऱ्या कपाटांचा इतिहास मात्र गोव्याला नवा नाही, आणि एके काळी तर त्याची कीर्ती सातासमुद्रापार होती. सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी ‘कोन्तादोर’ नावाची खणांची कपाटं घडवली. सागवानावर शिसवी-अबनूस आणि हस्तिदंताची जडावाची कलाकुसर, आणि पायांच्या जागी कोरलेल्या नागिणी. लिस्बनच्या खानदानी दिवाणखान्यात ही नागीण शांतपणे उभी असे. यातल्या कित्येक कपाटांची दर्शनी बाजू अशी रेखलेली असायची की खण असावेत दहा आणि दिसावेत बारा-पंधरा. एका रुंद ड्रॉवरच्या तोंडावर दोन ड्रॉवरचं सोंग. मोजणाऱ्याला वाटावं भरपूर खण, उघडणाऱ्याला कळावं की दोन एकच आहेत. आज हे काम कुणी केलं तर मालक ग्राहक आयोगात जाईल. त्या काळच्या मालकांनी ती कपाटं जहाजावर चढवून घरी नेली, आणि आता ती लंडन-लिस्बनच्या संग्रहालयांत काचेआड आहेत.

आजचं सोंग सॅम्पल फ्लॅटमध्ये पाहायला मिळतं. कपडे हँगरवर सरळ टांगायचे तर वॉर्डरोबची खोली साधारण दोन फूट हवी. सॅम्पल फ्लॅटमधला वॉर्डरोब दीड फुटाचाही चालतो, कारण त्यात कुणी कपडे टांगत नाही. खोली मोठी दिसते, बिल्डर प्रसन्न, गिऱ्हाईक प्रसन्न. ताबा मिळाल्यावर शर्ट तिरके टांगावे लागतात. २०१६ च्या रेरा कायद्याला ही करामत ठाऊक होती असं दिसतं. त्याच्या कलम १२ मध्ये जाहिरातीबरोबर नमुन्याच्या सदनिकेचाही स्पष्ट उल्लेख आहे: तिच्या भरवशावर पैसे भरले आणि प्रत्यक्षात भलतंच निघालं, तर बिल्डर भरपाईला जबाबदार. कलम १४ त्याहून पुढे जातं. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कारागिरीतला दोष दाखवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. फक्त एक फट राहते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठांपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. पेडण्याच्या टेकडीवर चार व्हिलांचे टुमदार प्रकल्प का शोभून दिसतात, यामागे निव्वळ सौंदर्यदृष्टी असेलच असं नाही.

आणि मेस्त मालकाने स्वतः ठरवला असेल, तर रेराचा संबंधच येत नाही. मग उरतो ग्राहक संरक्षण कायदा. १९८६ चा जुना गेला आणि २०१९ चा नवा आला. घर बांधून देणं हीसुद्धा ‘सेवा’च, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ सालीच सांगून ठेवलंय, तेव्हा स्वयंपाकघराला वेगळी पायरी चढावी लागत नाही. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि अहवाल ४५ दिवसांत मागतो. निकाल तीन महिन्यांत, चाचणी असली तर पाच महिन्यांत लागावा, असंही कायदा म्हणतो. कायदा आशावादी असतो. नव्या कायद्याने आणखी एक मौज केली आहे: तक्रारदार स्वतः राहतो तिथेही तक्रार दाखल करू शकतो. म्हणजे मांद्र्यातल्या व्हिलाचं दार लागत नाही, म्हणून मेस्ताला गुरुग्रामचं बोलावणं येऊ शकतं. मोपाच्या विमानाचा स्थानिकांना उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना हे एक उत्तर आहे.

यापेक्षाही मनोरंजक जुना कायदा आहे, १९३० चा माल-विक्री कायदा. नमुना दाखवून माल विकला तर माल नमुन्यासारखाच हवा, असं त्यात म्हटलंय. लॅमिनेटचा दोन बोटांचा तुकडा दाखवून ‘हाच रंग’ ठरवतात, आणि बारा फुटी भिंतीवर तोच रंग अगदी वेगळा दिसतो, हे त्यात म्हटलेलं नाही. शिवाय एक कलम असं की माल न नाकारता वाजवी काळ जवळ ठेवला, तर तो स्वीकारला असं धरतात. इथे वहिनींचं पहिल्या दिवशी कपाटात डबे भरून टाकणं अंगाशी येऊ शकतं. पण डबे न भरता त्या करणार काय? तक्रार टिकावी म्हणून सहा महिने डाळ-तांदूळ जमिनीवर ठेवणारी गृहिणी अजून या तालुक्यांत जन्मायची आहे.

असं असूनही डिचोली-पेडण्याची किती भांडणं आयोगापर्यंत जातात? जो मेस्त दार वाकडं बसवतो, तो बहुधा मामेभावाचा मेहुणा असतो. त्याच्याविरुद्ध नोटीस काढायची म्हणजे आईच्या माहेरी जायची वाट बंद करायची. म्हणून आधी पंचायतीतल्या पंचाच्या कानावर घालतात, मग शाळेतल्या जुन्या मास्तरांच्या. मास्तर दोघांचेही मास्तर असतात, आणि दोघांचंही गणित कच्चं होतं हे त्यांना आठवतं. गावात देवळात गाऱ्हाणं घालायची आणि कौल लावायची रीत आहे. लग्न, जमीन, नोकरी यांसाठी देवाच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडे पडते की डावीकडे ते पाहतात. किचन ट्रॉलीसाठी कौल लावल्याचं मात्र कुणी कबूल करत नाही.

तंट्याची खरी मुदत कायद्याची दोन वर्षं नव्हे. ती आहे चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. गोव्यात मेस्ताने दिलेलं वचन कुठल्याही महिन्यातलं असो, त्याचा अर्थ ‘चवथीच्या आधी’ असा घ्यायचा, आणि त्याचं भाषांतर ‘चवथीच्या आदल्या रात्री’ असं होतं. मे महिन्यात “फाल्यां येतां”, उद्या येतो, म्हणून गेलेला मेस्त श्रावणात हमखास उगवतो. आणि मग लक्षात येतं की स्पेसिफिकेशनच्या तीन पानांत बिजागऱ्यांची संख्या आहे, मुठींचा क्रमांक आहे, लॅमिनेटचा कोड आहे, पण गणपती नाही. हॉलच्या ज्या भिंतीशी गेली साठ वर्षं गणपती बसतो, तिथे इंटिरियरवाल्याने आठ फुटी टीव्ही युनिट ठोकलेलं असतं. वर माटोळी बांधायचे हूक फॉल्स सीलिंगच्या आड गेलेले असतात. नारळ, सुपाऱ्यांचे घोस, केळ्यांचे घड आणि रानातल्या फळाफुलांनी लगडलेली माटोळी जिप्समच्या पत्र्यावर टांगता येत नाही, हे मुंबईच्या डिझायनरला ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि घरमालकाने सांगितलं नाही कारण ते सांगायची गोष्ट आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. गणपती कुठे बसतो ते काय सांगायचं?

अशा वेळी तोडगे विलक्षण वेगाने निघतात. पाच महिने अडलेला वाद पाच तासांत सुटतो. टीव्ही युनिट भिंतीवरून उतरतं, सीलिंगला गोल भोकं पडतात, आणि ‘हे कामात नव्हतं’ म्हणणारा मेस्त ‘देवाचं काम’ म्हणून रात्री अकराला रंधा हातात घेतो. पैशांचं नंतर बघू, असं दोघेही म्हणतात. आणि नंतर दोघेही बघतात.

डिचोलीत आणखी एक अडचण असते. हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. घरात आजीचा तांब्याचा हंडा, पितळेचे टोप, दोन हातांनी उचलायची समई. शोरूममध्ये सॉफ्ट-क्लोज ड्रॉवर बोटाने ढकलून दाखवतात, त्यात स्टीलचे चार चमचे असतात. घरी त्यात टोपांची चळत गेली की ड्रॉवर सॉफ्ट उरत नाही आणि क्लोजही. कंपनीचा माणूस वॉरंटी कार्ड काढून म्हणतो, वजन ठरल्यापेक्षा जास्त आहे. आजी म्हणते, टोप ठरल्याप्रमाणेच आहेत, सत्तर वर्षं त्यांचं वजन वाढलेलं नाही. तंट्याची ही बाजू आयोगाने ऐकायला हवी.

इतकं सगळं झाल्यावर न्यायदानाचं मुख्य साधन उरतं ते शेवटचा हप्ता. करारात असो वा नसो, एकूण रकमेतले दहा टक्के मालक मागे ठेवतो. मेस्तालाही हे ठाऊक असतं, म्हणून त्याने पहिल्या कोटेशनमध्येच दहा टक्के चढवलेले असतात. मालकालाही ते ठाऊक असतं, म्हणून त्याने घासाघीस करून ते आधीच उतरवलेले असतात. नवा कायदा म्हणतो, तडजोडीची शक्यता दिसली तर आयोगाने दोन्ही पक्षांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थाकडे पाठवावं. इथे मध्यस्थ चहाबरोबर आधीच हजर असतो. साधारण निवाडा असा निघतो: पिळलेली दोन दारं मेस्ताने बदलून द्यावीत, १६ एमएम प्लायचा विषय सगळ्यांनी सोडून द्यावा, देव्हाऱ्याखाली एक जादा खण फुकट करावा, आणि राहिलेल्या पैशांतले अर्धे आज, अर्धे दारं लागल्यावर.

राहतो तो गॅसचा सिलिंडर. १४.२ किलोचा तो लाल ऐवज ओट्याखालच्या कपाटात मावत नाही, कारण मधे सिंकचा पाइप आला आहे, आणि पाइप प्लंबरने आराखड्याप्रमाणे टाकला आहे, आराखडा मात्र कुणाकडे सापडत नाही. सिलिंडर बाहेर ओसरीच्या मागे ठेवायचा, नळी भिंतीतून आत आणायची, यावर सगळ्यांचं एकमत होतं. ते भोक कुणी पाडायचं आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे, यासाठी पुढच्या रविवारी साडूंना पुन्हा बोलावलेलं असतं.